पार्श्वभूमी: जुन्या प्रबंधातले संदर्भ रेफरन्स मॅनेजरमध्ये नेताना

हाताने टाइप केलेला संदर्भ आणि सॉफ्टवेअरने घातलेला संदर्भ वर्डच्या पानावर अगदी सारखेच दिसतात. आल्ट आणि एफ९ एकत्र दाबले की फरक कळतो. झोटेरो या रेफरन्स मॅनेजरने, म्हणजे संदर्भांच्या नोंदी साठवून मजकुरात घालणाऱ्या सॉफ्टवेअरने, घातलेल्या संदर्भाच्या जागी 'अ‍ॅडइन' या शब्दाने सुरू होणारा लांबलचक कोड उघडतो आणि त्यात लेखक, शीर्षक, वर्ष सगळं असतं. टाइप केलेल्या संदर्भात जे दिसतं तेवढंच असतं. स्थलांतराच्या सगळ्या अडचणी या फरकातूनच निघतात.

लाटेक ही मजकूर मांडणीची प्रणाली वापरणाऱ्यांसाठी १९८५ मध्ये बिबटेक्स हे संदर्भांचं साधन आलं, त्या दशकाच्या अखेरीस एंडनोट हे रेफरन्स मॅनेजर. एंडनोटने संदर्भाची माहिती वर्डच्या फाइलमध्येच साठवायला सुरुवात केली. 'ट्रॅव्हलिंग लायब्ररी' म्हणतात ती हीच. मूळ लायब्ररी, म्हणजे सॉफ्टवेअरमधला नोंदींचा संग्रह, हरवली तरी प्रबंधाच्या फाइलमधून नोंदी परत काढता येतात, हे अजूनही फार कमी विद्यार्थ्यांना ठाऊक आहे.

मोफत आणि मुक्तस्रोत झोटेरो २००६ मध्ये अमेरिकेतल्या एका विद्यापीठातून आलं. दोनच वर्षांत एंडनोटच्या मालक कंपनीने स्टाइल फाइलींवरून (संदर्भ कसा मांडायचा हे ठरवणाऱ्या फाइली) त्या विद्यापीठावर दावा ठोकला. २००९ मध्ये तो फेटाळला गेला. दरम्यान मेंडेली हे आणखी एक रेफरन्स मॅनेजर आलं. संदर्भ फाइलमध्ये लिहिण्याची पद्धत झोटेरो आणि मेंडेली दोघांनीही जवळपास एकच ठेवली, त्यामुळे मेंडेली डेस्कटॉपने (संगणकावर बसवायच्या मेंडेलीने) घातलेले संदर्भ झोटेरोला ओळखता येतात.

मेंडेली २०१३ मध्ये एका बड्या प्रकाशनसंस्थेने विकत घेतलं. नोंदी संशोधकाच्या संगणकावर साध्या डेटाबेस फाइलमध्ये असत, आणि ती फाइल दुसऱ्या सॉफ्टवेअरला वाचता येई. २०१८ मध्ये १.१९ या आवृत्तीने हीच फाइल एन्क्रिप्ट केली, म्हणजे दुसऱ्या सॉफ्टवेअरला वाचता येणार नाही अशी कुलूपबंद केली. त्याच सुमारास झोटेरो मेंडेलीतून थेट आयात करण्याची सोय आणत होतं. युरोपातल्या नव्या खासगीपणाच्या नियमांमुळे आणि सुरक्षेसाठी हे केल्याचं कंपनीकडून सांगितलं गेलं. ते पटण्यासारखं नाही. आपल्याच संगणकावरच्या, आपणच जमवलेल्या नोंदी आपल्यालाच उघडता येऊ नयेत, हे कसलं संरक्षण? नोंदी बिबटेक्स किंवा आरआयएस (नोंदींची देवाणघेवाण करायचं एक स्वरूप) फाइल म्हणून बाहेर काढता येत होत्या, हे खरं. पण तसं केलं की फोल्डरांची रचना मागे राहते आणि प्रबंधातल्या संदर्भांशी नोंदींचं नातं तुटतं. काही काळ लोक १.१८ आवृत्ती शोधून, जुना बॅकअप त्यात उघडून मगच झोटेरोकडे जात. पुढे झोटेरोने ऑनलाइन खात्यातून आयात सुरू केली आणि कोंडी फुटली. मेंडेली डेस्कटॉपचं डाउनलोड २०२२ मध्ये बंद झालं, तेव्हा हा प्रश्न पुन्हा अनेकांच्या दारात आला.

ज्यांचे संदर्भ सुरुवातीपासून हातानेच टाइप केलेले आहेत, त्यांच्यासाठी एनीस्टाइलसारखी साधनं आहेत. ग्रंथसूची चिकटवली की लेखक, वर्ष, शीर्षक वेगळं करून देतात. डीओआय, म्हणजे लेखांना दिलेले कायमचे ओळखक्रमांक, हाती असतील तर झोटेरोत एकदम अनेक टाकता येतात. मात्र नोंदी लायब्ररीत आल्या म्हणजे काम झालं, असा समज करून घेऊ नये. मजकुरातला संदर्भाचा प्रत्येक कंस खोडून तिथे नव्याने संदर्भ घालावाच लागतो. दोनशे पानांच्या प्रबंधात हेच काम सर्वांत वेळखाऊ.

मराठी ग्रंथसूचीत या साधनांची दमछाक होते. ती मुख्यतः इंग्रजी आणि युरोपीय भाषांतल्या संदर्भांवर तयार झालेली आहेत. 'संपा.', 'आ. दुसरी', शके १८७२ किंवा वडिलांच्या नावासकट तीन भागांचं लेखकनाव आलं की रकाने चुकतात. जुन्या मराठी पुस्तकांना डीओआय नाही, बहुतेकांना आयएसबीएनही नाही. त्या नोंदी हातानेच भराव्यात आणि त्या भरताना आडनावाचा रकाना आधी तपासावा, कारण सूचीचा अकारविल्हे क्रम त्यावरच लागतो.