क्वार्टरबॅकची पारख

महाविद्यालयात खेळणारा क्वार्टरबॅक (आक्रमण चालवणारा व पास फेकणारा खेळाडू) व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलमध्ये कितपत टिकेल, याचा निवडीपूर्वी बांधला जाणारा अंदाज. नॅशनल फुटबॉल लीगमधील (एनएफएल) ३२ संघ दरवर्षी एप्रिलच्या सुमारास होणाऱ्या ड्राफ्टमध्ये महाविद्यालयीन खेळाडू पाळीपाळीने निवडतात आणि आदल्या मोसमात तळाला राहिलेल्या संघाची पाळी सहसा पहिली असते. आक्रमणाची सूत्रे एकट्या क्वार्टरबॅककडे असल्याने त्याच्याबाबतची चूक संघाला अनेक वर्षे भोवते.

पूर्वेतिहास : पहिला ड्राफ्ट ८ फेब्रुवारी १९३६ रोजी फिलाडेल्फियात झाला. त्या काळी संघांकडे वेगळी पाहणी यंत्रणा नव्हती. वर्तमानपत्रांतील वृत्तांत आणि ओळखीच्या प्रशिक्षकांचा शब्द यांवरच निवड होई. सर्वप्रथम निवडला गेलेला शिकागो विद्यापीठाचा जे बर्वँगर व्यावसायिक सामना कधी खेळलाच नाही. पहिला पूर्णवेळ स्काउट (खेळाडू हेरणारा पाहणीदार) म्हणून लॉस एंजेलिस रॅम्सच्या एडी कोटल यांचे नाव सहसा घेतले जाते व त्यांच्या कामाचा आरंभ १९४० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात धरला जातो.

या पारखीचा मूळ पेच मात्र स्काउटांहून जुना आहे. पुढे फेकलेल्या पासला १९०६ मध्ये मान्यता मिळाली, तरी ‘सिंगल विंग’ या तेव्हाच्या आक्रमणाच्या रचनेत क्वार्टरबॅकचे काम मुख्यतः अडवणुकीचे होते. चेंडू फेकण्याचा भार मागे उभ्या असलेल्या टेलबॅकवर असे. कोलंबिया विद्यापीठाचा सिड लकमन असाच टेलबॅक होता. शिकागो बेअर्सच्या जॉर्ज हॅलस यांनी १९३९ च्या ड्राफ्टमधून त्याला घेतले आणि ‘टी’ रचनेत, जिथे पास क्वार्टरबॅकच फेकतो, क्वार्टरबॅक केले. १९४० च्या अंतिम सामन्यात बेअर्सने वॉशिंग्टनला ७३–० असे हरवले. महाविद्यालयात जे काम केलेच नाही ते पुढे जमेल की नाही हे ओळखायचे, ही अडचण तेव्हापासूनची आहे.

डॅलस काउबॉइज संघाने १९६० नंतरच्या दशकात संगणकाची मदत घेतली. आयबीएमच्या एका उपकंपनीत काम करणारे, भारतात जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ सलाम कुरेशी यांनी स्काउटांचे शेरे आकड्यांत बसवण्याची पद्धत रचली. चारित्र्य, चपळाई, जिगर, बुद्धीची तल्लखता आणि ताकद असे ढोबळ गुण तीत मोजले जात. कुरेशींना क्रिकेट ठाऊक होते, हा खेळ नव्हे. एकाच्या तोंडचे ‘उत्तम’ आणि दुसऱ्याच्या तोंडचे ‘उत्तम’ यांना एकाच मापात आणण्याचे त्यांचे काम भारतीय वाचकांना फारसे ठाऊक नाही. ते असायला हवे.

दोन खेळांतील अंतर : महाविद्यालयीन आणि व्यावसायिक सामना एकाच मापाच्या मैदानावर होतो, पण मैदानावरील हॅश खुणांमधील (डाव ज्या पट्ट्यातून सुरू होतो त्याच्या दोन्ही कडा दाखवणाऱ्या) अंतर महाविद्यालयात ४० फूट, तर एनएफएलमध्ये १८ फूट ६ इंच असते. परिणामी महाविद्यालयात डाव पुष्कळदा एका कडेजवळून सुरू होतो; एका बाजूला ऐसपैस मोकळी जागा मिळते आणि बचावाची मांडणी आधीच उघडी पडते. एनएफएलमध्ये चेंडू मध्याजवळ राहत असल्याने बचावाला आपला बेत दडवणे सोपे जाते. महाविद्यालयात रिसीव्हरचा (पास झेलणाऱ्याचा) एक पाय हद्दीत टेकला तरी झेल ग्राह्य धरतात, एनएफएलमध्ये दोन्ही पाय लागतात. पास जाण्यापूर्वी अडवणाऱ्या लाइनमनना महाविद्यालयात तीन यार्ड पुढे सरकता येते, एनएफएलमध्ये एकच. म्हणून धाव की पास हे ऐनवेळी ठरवणारे डाव महाविद्यालयात अधिक चालतात. तिथे ‘मोकळा’ वाटणारा रिसीव्हर व्यावसायिक मोजमापात मोकळा नसतो. पास पोहोचेपर्यंत बचावपटू आलेला असेल हे धरून, रिसीव्हर वळण्याआधीच चेंडू सोडावा लागतो.

स्काउट फिल्म पाहताना म्हणूनच टचडाउनपेक्षा (गुण मिळवून देणाऱ्या डावांपेक्षा) तिसऱ्या डाउनवरचे (दहा यार्डांसाठी मिळणाऱ्या चारांपैकी तिसऱ्या प्रयत्नातले) फसलेले डाव पुन्हा पुन्हा लावतात. सर्वांत आधी पाहायचे ते डोळे. अडवणाऱ्या सहकाऱ्यांची समोरची भिंत फुटून बचावपटू अंगावर येऊ लागला की काही जणांची नजर मैदानावरून खाली, येणाऱ्या माणसावर उतरते. काही जण पॉकेटमध्ये (त्या भिंतीमागच्या सुरक्षित जागेत) अर्धे पाऊल सरकतात आणि नजर मात्र दूरच्या रिसीव्हरवर ठेवतात. त्यानंतर पाहिले जाते ते पहिला रिसीव्हर अडवलेला असताना क्वार्टरबॅक दुसऱ्याकडे, तिसऱ्याकडे वळतो का, हे. पायांची ठेवण, चेंडू सोडण्याचा वेग, हाताचा कोन या गोष्टी शिकवून सुधारतात, असे आता अधिक मानले जाते. जॉश ॲलन हे याचे ठळक उदाहरण. वायोमिंग विद्यापीठात त्याचे सुमारे ५६ टक्केच पास पूर्ण होत. २०१८ मध्ये सातव्या क्रमांकावर निवडला गेलेला हा खेळाडू २०२४ च्या मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

मोजमापे व चाचण्या : खेळाडूंची एकत्रित चाचणी (कंबाइन) १९८७ पासून इंडियानापोलिसमध्ये भरते. उंची, वजन, ४० यार्डांची धाव यांबरोबर पंजाही मोजतात. ताणलेल्या अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत ९ इंच भरावेत, असा संकेत आहे. उंचीबाबतचा आग्रह मात्र सैल पडला. ६ फुटांचा ड्रू ब्रीझ २००१ मध्ये ३२ वा आणि ५ फूट ११ इंचांचा रसेल विल्सन २०१२ मध्ये ७५ वा निवडला गेला. त्याहून ठेंगणा कायलर मरी २०१९ मध्ये थेट पहिला.

५० प्रश्न व १२ मिनिटांची वंडरलिक बुद्धिचाचणी प्रशिक्षक टॉम लँड्री यांच्या काळात डॅलसने रूढ केली असे मानतात. कंबाइनमधून ती २०२२ मध्ये वगळण्यात आली. तिच्यातील गुण आणि मैदानावरील यश यांचा ठाम संबंध कधी दिसला नव्हता. तिच्यानंतर चर्चेत आलेल्या ‘एस२’ या आकलनचाचणीतील सी. जे. स्ट्राउड याचे अतिशय कमी गुण २०२३ च्या ड्राफ्टपूर्वी फुटले. त्याच मोसमात तो आक्रमणातील सर्वोत्तम नवोदित ठरला. मुलाखतीतील फळ्याची कसोटी अधिक बोलकी वाटते. प्रशिक्षक आपला एक डाव समजावतो, फळा पुसतो, घरची विचारपूस करतो आणि मध्येच खडू हाती देऊन तोच डाव सर्व अकरा जणांसह काढायला सांगतो.

आकड्यांचे आडाखेही आहेत. प्रशिक्षक बिल पार्सेल्स यांच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या नियमांत तीन वर्षे मुख्य क्वार्टरबॅक, पदवी, ६० टक्के पूर्ण पास अशा अटी येतात. त्यांची यादी ठिकठिकाणी वेगळी आढळते. आकडेवारीचे अभ्यासक डेव्हिड लुइन यांनी २००६ मध्ये सुरुवातीपासून खेळलेले सामने आणि पूर्ण पासांची टक्केवारी या दोनच गोष्टींवर सूत्र बेतले, पण ते पहिल्या दोन फेऱ्यांत निवडलेल्यांपुरतेच लागू धरले. ही अट महत्त्वाची आहे. स्काउटांच्या नजरेची चाळणी लागल्यावरच हे आकडे बोलू लागतात.

क्रमांक आणि यश यांचा वाद : लेखक माल्कम ग्लॅडवेल यांनी २००८ मध्ये, कोण यशस्वी होईल हे आधी सांगताच येत नाही अशा कामांचे उदाहरण म्हणून क्वार्टरबॅकची निवड पुढे केली. पुढच्या वर्षी मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन पिंकर यांनी, निवडीचा क्रमांक आणि यश यांचा संबंध नाही हे म्हणणे खरे नाही, असा आक्षेप घेतला. ग्लॅडवेल यांचा आधार डेव्हिड बेरी व रॉब सिमन्स या अर्थशास्त्रज्ञांचा होता. दर डावामागील कामगिरी पाहिली तर वरच्या आणि खालच्या क्रमांकांत फारसा फरक दिसत नाही, असे त्यांचे निष्कर्ष होते.

खोच आहे ती ‘दर डावामागील’ या शब्दांत. सन २००० मध्ये टॉम ब्रेडी १९९ वा निवडला गेला; त्याच्याआधी सहा क्वार्टरबॅक गेले होते. त्यांतील तिसऱ्या फेरीतला जोव्हानी कार्माझी नियमित मोसमातला एकही सामना खेळला नाही. ज्याचा डावच नाही त्याची सरासरीही नाही, त्यामुळे असा माणूस हिशेबातून गळतो. शेवटच्या फेऱ्यांत तर बहुतेकांची हीच गत होते. मैदानात उतरतात ते सरावात स्वतःला सिद्ध केलेले मोजके, आणि त्यांची सरासरी अर्थातच चांगली दिसते. उलट बाजूही लक्षात घ्यावी लागते. वरच्या क्रमांकावर मोठा पैसा लागलेला असल्याने त्या खेळाडूला चुकांनंतरही संधी मिळत राहते, म्हणून निव्वळ खेळलेले सामने मोजणेही निर्दोष नाही. दोन्ही बाजू ताडून पाहता पिंकर यांचा मूळ आक्षेप अधिक ग्राह्य वाटतो, मात्र पहिल्या फेरीच्या आतला क्रम फारसा भरवशाचा नाही. १९८३ मध्ये टॉड ब्लॅकलेज सातवा, तर डॅन मरीनो २७ वा होता. १९९८ मध्ये पेटन मॅनिंग की रायन लीफ, यावर तज्ज्ञांत खरोखर मतभेद होते. पहिला गेलेला मॅनिंग थोरांत गणला जातो. दुसऱ्या क्रमांकाच्या लीफच्या नावावर १४ टचडाउन पास आणि ३६ इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्यांनी झेललेले पास) उरले.

पूर्वग्रह : पारखीतील सर्व चुका अनिश्चिततेतून आल्या नाहीत. कृष्णवर्णीय क्वार्टरबॅकना दुसऱ्या जागेवर हलवण्याची रीत अनेक दशके चालली. वॉरन मून १९७८ च्या रोझ बोल या महाविद्यालयीन सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू होता, तरी त्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये त्याला कोणीही घेतले नाही. तो कॅनडात एडमंटनकडून खेळला, सलग पाच ग्रे कप (तिथल्या लीगचे विजेतेपद) जिंकला आणि १९८४ मध्ये एनएफएलमध्ये आला. २००६ मध्ये त्याला थोर खेळाडूंच्या हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळाले. असे अन्याय पारखीच्या आकडेवारीत ‘चूक’ म्हणून नोंदलेच जात नाहीत. लमार जॅक्सन याने रिसीव्हर व्हावे अशी सूचना २०१८ मध्येही झाली. ३२ व्या क्रमांकाचा हा क्वार्टरबॅक पुढच्याच मोसमात एकमताने सर्वोत्तम खेळाडू ठरला.

अलीकडील स्थिती : नवोदितांच्या मानधनावर २०११ मध्ये मर्यादा आली आणि चुकीची किंमत घटली. २०१० च्या सॅम ब्रॅडफर्डला ५ कोटी डॉलरांची हमी होती. पुढच्या वर्षी पहिल्याच क्रमांकाच्या कॅम न्यूटनचा चार वर्षांचा सारा करार सुमारे २.२ कोटींचा झाला. विद्यापीठ बदलण्याची मोकळीक आणि कोविडकाळात मिळालेले जादा वर्ष यांमुळे २०२४ मध्ये पहिल्या फेरीत सहा क्वार्टरबॅक गेले, १९८३ इतकेच. त्यांतील बो निक्स महाविद्यालयात ६१ सामने सुरुवातीपासून खेळला होता. सामन्यांच्या संख्येवर आधारलेली जुनी सूत्रे मात्र तीन-चार वर्षे एकाच प्रशिक्षकाखाली खेळलेल्यांवरून बेतलेली आहेत.