लास्काला: खारवलेल्या मासळीच्या गावामागची अडीच हजार वर्षं

स्पेनच्या ईशान्य कोपऱ्यात, कॅटलोनियातल्या जिरोना प्रांतात, रोझेसच्या उपसागराच्या दक्षिण टोकाला लास्काला हे कॅटलन गाव वसलं आहे. कायमची वस्ती दहा हजारांच्या आसपास. उन्हाळ्यात ती कितीतरी पटींनी फुगते. गावाचं नाव घेतलं की कॅटलन माणसाला आधी आठवते ती इथली खारवलेली अँचोव्ही. आपली मांदेली याच मासळीच्या कुळातली. गावाला लागूनच एम्पूरिएसचे ग्रीक आणि रोमन अवशेष आहेत. पाहुणे सकाळी अवशेष बघतात, दुपारी समुद्रात डुंबतात आणि जाताना अँचोव्हीची बरणी घेतात. अवशेष प्राचीन इतिहासाच्या खात्यात आणि बरणी खाद्यसंस्कृतीच्या खात्यात, अशी वाटणी होऊन जाते. माझ्या मते ती वाटणी चुकीची आहे. व्यापारावर आणि समुद्रावर जगणारी एकच वस्ती या किनाऱ्यावर जागा बदलत राहिली आणि लास्काला हा तिचा सगळ्यात अलीकडचा मुक्काम आहे.

पहिला मुक्काम एका बेटावर होता. आजच्या तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरच्या फोकाया शहरातल्या ग्रीकांनी इ. स. पूर्व 600 च्या सुमारास मार्सेय वसवलं आणि तिथून पुढे येत सहाव्या शतकाच्या आरंभी या बेटावर एम्पोरिऑन हे ठाणं उभं केलं. नदीच्या गाळाने आणि वाळूने मधली खाडी बुजली. ते बेट आता जमिनीला जोडलेलं आहे आणि त्यावर सांत मार्ती द'एम्पूरिएस ही छोटी दगडी वाडी आहे. थोड्याच काळात जागा अपुरी पडली आणि समोरच्या किनाऱ्यावर नवी वस्ती उभी राहिली. पुरातत्त्वज्ञ तिला नेआपोलिस म्हणतात.

इथे काय चालायचं याचा एक पुरावा 1985 साली हाती लागला: शिशाच्या पातळ पत्र्यावर कोरलेलं एक ग्रीक व्यापारी पत्र. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाच्या उत्तरार्धातलं. मालाच्या आणि जहाजाच्या सूचना देणाऱ्या या पत्रात स्थानिक वाटणारी नावंही येतात. म्हणजे व्यवहारात दोन्ही बाजू होत्या.

या दोन बाजूंचं नातं कसं होतं, ते रोमन इतिहासकार लिव्हीने इ. स. पूर्व 195 च्या संदर्भात लिहून ठेवलं आहे. गावं दोन, मधे भिंत. एका बाजूला ग्रीक, दुसऱ्या बाजूला स्थानिक आयबेरियन. ग्रीकांच्या भिंतीला जमिनीच्या बाजूने एकच दरवाजा, त्यावर सतत एका अधिकाऱ्याची नजर. रात्री नागरिकांपैकी एक तृतीयांश लोक भिंतीवर पहाऱ्याला. स्थानिकांना आत प्रवेश नाही. ग्रीकांना बाहेर जायचं तर मोठ्या जमावाने, आणि तेही बहुधा आदल्या रात्री पहारा दिलेल्यांनीच. समुद्राकडची वाट मात्र मोकळी. एवढा धाक असूनही दोन्ही गावं शेजारी नांदली, कारण स्थानिकांना जहाजांतून येणारा माल हवा होता आणि आपल्या शेतातलं पीक विकायचं होतं. ग्रीकांनी इथे 'संस्कृती आणली' असं सरधोपट लिहिणाऱ्यांनी हे वर्णन नीट वाचायला हवं. इथे आधी गरज होती, भीती होती, सौदा होता. ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबो सांगतो की पुढे दोन्ही गावं एका राज्यव्यवस्थेखाली आली आणि त्यांचे कायदेही ग्रीक आणि स्थानिक असे मिश्र झाले.

रोमन आले ते युद्धासाठी. रोमशी लढणारा कार्थेजचा सेनापती हॅनिबल इटलीकडे निघालेला असताना त्याची रसद तोडायला इ. स. पूर्व 218 मध्ये ग्नेयस स्किपिओची फौज इथे उतरली. आयबेरियन द्वीपकल्पावरच्या रोमन सत्तेची सुरुवात या किनाऱ्यावर झाली. इ. स. पूर्व 100 च्या सुमारास टेकाडावर आखीव रोमन शहर उभं राहिलं. पण इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या अखेरीला ते ओस पडलं आणि लोक पुन्हा जुन्या बेटावर, सांत मार्तीला गेले. मध्ययुगात तिथे एम्पूरिएसच्या काउंटांची, म्हणजे तिथल्या सरदारांची, गादी होती. समुद्रावरून होणाऱ्या हल्ल्यांमुळे अकराव्या शतकात ती आतल्या कास्तेयो द'एम्पूरिएसला हलली.

सोळाव्या शतकापासून सांत मार्तीचे कोळी दक्षिणेकडच्या एका आडोशाच्या बंदरात घरं बांधू लागले. तेच लास्काला. हे गाव वाढलं ते मिठावर. मासा मुबलक होता, पण टिकवायचा तर मीठ हवं, आणि मिठावर राजाचा मक्ता. 1697 साली गावात सरकारी मिठाचं कोठार बांधलं गेलं. त्याला अल्फोली म्हणतात आणि ती इमारत आजही उभी आहे. मीठ जहाजाने यायचं, कोठारात पडायचं आणि तिथून विकलं जायचं. नेआपोलिसच्या अवशेषांतही मासे खारवण्याचा कारखाना सापडला आहे, तेव्हा हा धंदा या किनाऱ्याला नवा नव्हता.

काम सांगायला सोपं, करायला किचकट. ताज्या अँचोव्हीचं डोकं आणि आतडी हाताने एकत्र ओढून काढायची, मग पिंपात एक थर मासे, एक थर जाडं मीठ, असं दाबून रचत जायचं. वर वजन ठेवायचं. महिनोन् महिने मासा स्वतःच्या खाऱ्या पाण्यात मुरतो आणि त्याचं मांस तांबूस होतं. खाताना मीठ धुऊन काटा काढतात, ऑलिव्हचं तेल घालतात आणि टोमॅटो चोळलेल्या पावावर ठेवतात. कोळी रात्रभर समुद्रावर असायचे. मासे साफ करून रचण्याचं काम मुख्यतः गावातल्या बायकांचं. गावाची कीर्ती ज्या चवीवर उभी आहे ती त्यांच्या हातची, हे ठळकपणे सांगायलाच हवं.

या गावची सर्वात मोठी लेखिका कातेरीना अल्बेर्त हिचा जन्म इथलाच, 1869 चा. 1898 साली ओलोतच्या साहित्यस्पर्धेत तिच्या एकपात्री नाट्याला बक्षीस मिळालं. विषय होता नवजात मुलाची हत्या करणारी स्त्री. लिहिणारी बाई आहे हे कळल्यावर गदारोळ झाला. त्यानंतर तिने विक्तोर कातला हे पुरुषी नाव घेतलं आणि 1905 च्या 'सोलितूत' या कादंबरीने कॅटलन गद्यात कायमचं स्थान मिळवलं. एम्पूरिएसच्या जुन्या वस्तू जमवण्याचाही तिला मनापासून नाद होता. 1966 मध्ये ती इथेच वारली.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत एम्पूरिएसच्या अवशेषांचे दगड घरबांधणीला जात होते आणि नाणी, भांडी संग्राहकांना विकली जात होती. 1908 मध्ये बार्सेलोनाच्या संग्रहालय मंडळाने वास्तुविशारद जुझेप पुच इ कादाफाल्क याच्या नेतृत्वाखाली रीतसर उत्खनन सुरू केलं. त्याच वर्षी फेरान अगुयो याने वर्तमानपत्रातल्या लेखात या किनाऱ्याला 'कोस्ता ब्राव्हा' म्हटलं. पुढे सगळं पर्यटन याच नावावर उभं राहिलं. 1909 मध्ये वैद्यकदेवता अस्क्लेपिओसचा मानला गेलेला, माणसाहून उंच संगमरवरी पुतळा सापडला आणि बार्सेलोनाला गेला. स्पेनच्या यादवी युद्धानंतरच्या पहिल्या वर्षांत रोमन शहर खणून काढायला पराभूत प्रजासत्ताकाचे युद्धकैदी राबवले गेले. रोमन शहराच्या मोकळ्या चौकात उभं राहताना ही गोष्टही माहीत असावी.

पुतळा परत यायला जवळजवळ शंभर वर्षं लागली. 2008 पासून तो एम्पूरिएसच्या संग्रहालयात आहे. त्याआधी, जून 1992 मध्ये, बार्सेलोना ऑलिम्पिकची ज्योत ग्रीसहून समुद्रमार्गे आली ती याच किनाऱ्यावर. 1997 मध्ये अल्फोलीला तीनशे वर्षं झाली, तेव्हापासून सप्टेंबरात मिठाचा उत्सव होतो. जुन्या शिडाच्या नावा बंदराला लागतात, मीठ उतरवलं जातं आणि किनाऱ्यावर मासे खारवून दाखवले जातात. ऑक्टोबरात अँचोव्हीचाही वेगळा उत्सव असतो. मासळी आणि मिठाचं संग्रहालयही गावात आहे. एम्पूरिएस बघायला जाणाऱ्याने तेही बघावं, आणि शक्य तर आधी बघावं.