लॉबस्टरच्या नव्या सापळ्याची परीक्षा कशी घ्यावी?

‘दुप्पट पकड देणारा नवा सापळा’ अशा चित्रफिती समाजमाध्यमांवर अधूनमधून फिरत असतात. त्यांत वर ओढलेला भरगच्च सापळा दिसतो. मात्र त्याच तळावर, तेच आमिष घालून, तेवढाच वेळ बुडवलेला जुना सापळा शेजारी कुठेच दिसत नाही. तुलनेवाचून केलेल्या अशा दाव्याला पुरावा म्हणता येत नाही. लॉबस्टरच्या बाबतीत तर तुलना करूनही फसगत होऊ शकते, कारण सापळा काम कसा करतो याविषयीच आपला गैरसमज असतो.

आत गेलेला प्राणी आतच राहतो, असे आपण गृहीत धरतो. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरचा सापळा म्हणजे तारेच्या जाळीची दोन कप्प्यांची पेटी. पहिल्या कप्प्याला तिथले मासेमार ‘किचन’ म्हणतात. त्यात आमिषाची पिशवी टांगलेली असते. तिथून निमुळत्या होत जाणाऱ्या जाळीतून ‘पार्लर’ या दुसऱ्या कप्प्यात जाता येते, आणि लहान लॉबस्टरांना निसटता यावे म्हणून बाजूला एक आडवी फट ठेवलेली असते. न्यू हॅम्पशर विद्यापीठातील संशोधकांनी अशाच नेहमीच्या सापळ्यावर कॅमेरा बसवला आणि रात्रीच्या चित्रणासाठी तांबडे दिवे लावले. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार आत शिरलेल्या लॉबस्टरांपैकी केवळ 6 टक्केच अडकले. निसटलेल्यांपैकी 72 टक्के प्रवेशद्वारातूनच परत गेले, तर 28 टक्के त्या फटीतून.

म्हणजे वर आलेली संख्या ही शिरलेल्यांची बेरीज नसून आवक आणि जावक यांचा तोल आहे. समजा, तासाला 10 लॉबस्टर आत येतात आणि आत असलेल्यांची जावक तासाला निम्म्याच्या दराने होते. आत 20 जमले की तासाला 10 येतात आणि 10 जातात. त्यापुढे सापळा आठवडाभर बुडवून ठेवला तरी संख्या वाढत नाही. आता नव्या रचनेने जावकीचा दर निम्म्यावर आणला, तर तोल 40 वर साधेल. परंतु तो साधायला वेळही दुप्पट लागेल. पहिल्या तासाअखेर सापळे वर ओढले, तर जुन्यात सुमारे 8 आणि नव्यात सुमारे 9 लॉबस्टर सापडतील आणि नवी रचना निरुपयोगी ठरवली जाईल; तेच सापळे एका दिवसाने ओढले, तर 20 आणि 40 असा फरक दिसेल. आरंभीची पकड जवळजवळ सर्वस्वी आवकीवर ठरते, जावकीचा परिणाम नंतर उमटतो. म्हणून सापळा पाण्यात किती तास होता हे न सांगता दिलेला पकडीचा आकडा मला अर्थहीन वाटतो.

प्रत्यक्षात आवकही स्थिर नसते. आतला दांडगा लॉबस्टर आमिषाजवळ ठाण मांडून नवागतांना हुसकावतो, त्यामुळे गर्दी वाढेल तशी आवक घटते आणि 40 चा आकडा सहसा गाठला जात नाही. म्हणूनच चाचणीत जुने आणि नवे सापळे एकाच दोरावर आलटून-पालटून लावावे लागतात, जागांची अदलाबदल करावी लागते, आमिष तोलून घालावे लागते आणि वेगवेगळ्या कालावधींनी सापळे ओढावे लागतात. शिवाय प्रत्येक लॉबस्टरची लांबी डोळ्याच्या खोबणीपासून पाठीच्या कवचाच्या मागच्या कडेपर्यंत मोजावी लागते. न्यू हॅम्पशरमध्ये पकडीसाठी किमान मर्यादा सव्वातीन इंचांची असल्याने त्याहून लहान लॉबस्टरांनी भरलेला सापळा मासेमाराच्या उपयोगाचा नाही.

आपल्याकडे मुंबईच्या समुद्रातील शेवंड, म्हणजे इथला लॉबस्टर, मुख्यतः ट्रॉलच्या (बोटीमागून ओढल्या जाणाऱ्या) आणि तळाशी लावलेल्या जाळ्यांत मिळते. केंद्र सरकारने 2003 साली निर्यातीसाठी किमान वजने ठरवली. मुंबईकडच्या काटेरी शेवंडीसाठी ती मर्यादा 300 ग्रॅम आहे. पण ट्रॉलमधून चेंगरून आलेली लहान शेवंड तोलून बाजूला काढली, तरी तिच्या जगण्याची शाश्वती नसते. सापळ्यातली जिवंत वर येते, म्हणून सापळ्यांच्या चाचण्या आपल्या किनाऱ्यावर व्हायला हव्यात असे मला मनापासून वाटते. मात्र अमेरिकेतली फट जशीच्या तशी उचलून चालणार नाही. आपल्या शेवंडीला मोठ्या नांग्या नसतात, उलट लांब, काटेरी मिशा असतात. तेव्हा 300 ग्रॅमच्या शेवंडीच्या कवचाची रुंदी आणि उंची मोजून फटीचे माप इथेच ठरवावे लागेल.