देवाचं भय वेगळं, देवाची धास्ती वेगळी

‘देवाला भिऊन राहा’ हे वाक्य उपदेशात, घरात, लग्नाच्या आशीर्वादात, सगळीकडे ऐकू येतं. त्यावर लोकांचे ठरलेले दोन गट पडतात. एक गट मान डोलावतो आणि घरी जाऊन मुलांना नरकाची वर्णनं ऐकवतो. दुसरा म्हणतो, ‘देव प्रीती आहे, हे भयबिय बायबलच्या जुन्या करारातलं.’ दोघांची चूक एकच. धास्ती आणि भय दोघांनीही एकाच पोत्यात भरलं. पहिल्याने पोतं उचलून घरात आणलं, दुसऱ्याने ते सगळंच्या सगळं उकिरड्यावर टाकलं.

धास्ती काय असते हे कुणाला समजावायला नको. शिक्षा होईल, वाईट घडेल, देव हिशोब चुकता करेल ही पोटातली धडधड. आजार आला की ‘कुठल्या पापाचं हे फळ?’ असं विचारणारी. उपास चुकला, रविवार चुकला की अपघाताची वाट पाहणारी. तिच्यावर याहून जास्त शाई घालवण्यात अर्थ नाही.

अडचण भयाची आहे, कारण बहुतेकांना वाटतं की फरक मात्रेचा आहे. धास्ती म्हणजे जास्त भीती आणि भय म्हणजे तीच भीती, जरा पाणी घालून पातळ केलेली. त्यामुळे ‘भय म्हणजे फक्त आदर हो, घाबरू नका’ अशी सारवासारव सुरू होते. ही सारवासारव मला धास्तीपेक्षाही नकोशी वाटते. धास्ती निदान देवाला गांभीर्याने तरी घेते. सारवासारवीत तो शाळेतल्या निवृत्त मुख्याध्यापकासारखा होतो: दिसला की नमस्कार करायचा आणि पुढे चालू लागायचं.

फरक मात्रेचा नाही, हे पाहायला मार्काच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय पुरे. वादळ सुटलंय, तारवात पाणी भरतंय, शिष्य बुडण्याच्या भीतीने येशूला उठवतात. तो वाऱ्याला धमकावतो आणि समुद्र निवांत होतो. धोका संपला, म्हणजे भीतीही संपायला हवी होती. पण मार्क लिहितो की शिष्य त्यानंतर अतिशय घाबरले आणि आपसांत म्हणू लागले, वारा आणि समुद्रही ज्याचं ऐकतात असा हा आहे तरी कोण? पहिली भीती जिवाची होती. दुसरी तिच्याहून मोठी होती, आणि ती आली तेव्हा जिवाला काडीचाही धोका नव्हता. ती समोर उभ्या असलेल्याबद्दल होती. धास्तीची नजर ‘माझं काय होईल’ यावर असते, भयाची नजर ‘हा कोण आहे’ यावर.

हेच १३० व्या स्तोत्राच्या चौथ्या वचनात आणखी टोकदारपणे येतं. देवाजवळ क्षमा आहे, म्हणून त्याचं भय धरलं जातं, असं स्तोत्रकर्ता म्हणतो. भय म्हणजे शिक्षेची भीती असती तर हे वाक्य उलटं व्हायला हवं होतं: क्षमा मिळाली, आता कसली भीती? इथे क्षमेने भय वाढतं. ज्याला आपण सहज चुकवू शकलो असतो असं वाटत होतं, त्याने सगळं माहीत असून माफ केलं, हे उमगल्यावर माणूस त्याच्याशी थिल्लरपणे वागू शकत नाही.

दोन्ही गोष्टी एकाच श्वासात हव्या असतील तर निर्गम २०:२० पाहा. सीनाय डोंगर धुमसतोय, लोक थरथरत दूर उभे आहेत. मोशे त्यांना सांगतो, भिऊ नका. देव आला आहे तो तुम्ही त्याचं भय धरावं आणि पाप करू नये म्हणून. एकाच वचनात एक भीती काढून घेतली आणि दुसरी दिली. लगेच पुढच्या वचनात दिसतं की लोक दूरच उभे राहिले आणि मोशे देव होता त्या निबिड अंधाराजवळ गेला.

‘पूर्ण प्रीती भीती घालवून देते’ हे १ योहान ४:१८ दाखवून वाद संपवणाऱ्यांनी तेच वचन शेवटपर्यंत वाचावं. कोणती भीती, हे योहान तिथेच सांगतो: जिचा संबंध शिक्षेशी आहे ती. त्याच नव्या करारात इब्री १२:२८-२९ आदराने आणि भयाने सेवा करायला सांगतं, कारण आपला देव भस्म करणारा अग्नी आहे. आणि ज्यांना भय जुन्या करारापुरतं वाटतं त्यांच्यासाठी इब्री ५:७: येशूने आक्रोश करत, अश्रू गाळत प्रार्थना केल्या आणि त्याच्या सद्भक्तीमुळे, म्हणजे देवाविषयीच्या आदरयुक्त भयामुळे, त्या ऐकल्या गेल्या. यशया ११:३ येणाऱ्या राजाबद्दल, म्हणजे ख्रिस्ती वाचनात येशूबद्दलच, म्हणतो की परमेश्वराच्या भयात त्याला आनंद वाटेल. निष्पाप पुत्राला शिक्षेची धास्ती कशी असेल? तेराव्या शतकात धर्मपंडित थॉमस अक्वायनसने गुलामाचं भय आणि लेकराचं भय अशी विभागणी नीट मांडली आणि लेकराचं भय स्वर्गातही टिकतं असं म्हटलं. धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरच्या १५२९ च्या लहान प्रश्नोत्तरीत (श्रद्धा शिकवणाऱ्या पुस्तिकेत) दहा आज्ञांचे खुलासे ‘आपण देवाचं भय धरावं आणि त्याच्यावर प्रीती करावी’ याच धर्तीवर सुरू होतात. दोन्ही क्रियापदं एकाच वाक्यात आहेत आणि त्याला त्यात विरोध दिसला नाही.

आता रोजच्या जगण्यात हे ओळखायचं कसं? एक धास्ती असलेला, एक भय असलेला; बाहेरून दोघांचं वागणं सारखंच दिसतं. दोघेही उपासनेला येतात, दोघेही शिवी देत नाहीत. खरी परीक्षा पाप घडल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत होते.

समजा, एकाने प्रवासखर्चाच्या बिलात न केलेल्या दोन फेऱ्या लावल्या. बिल मंजूर झालं, पैसे खात्यात आले. रात्री झोपण्याआधीच्या प्रार्थनेची वेळ झाली. धास्ती असलेला त्या रात्री प्रार्थना टाळतो, ‘आज फार दमलोय’. आदामाने झाडाआड लपून नेमकं हेच केलं (उत्पत्ती ३:८-१०), आणि कारणही सांगितलं, मी भ्यालो. मग रविवारी दानपेटीत नेहमीपेक्षा जास्त रक्कम पडते, आठवडाभर शास्त्राचे दोन अध्याय जास्त वाचले जातात. हा सौदा आहे. पैसे मात्र खात्यातच राहतात.

भय असलेला त्याच रात्री जातो, लाजेने का होईना. त्याचा क्रम साधारण असा. पापाचं नाव घ्यायचं: ‘मी दोन खोट्या फेऱ्या लावल्या, हे खोटं आणि चोरी आहे.’ ‘काही चुकलं असल्यास क्षमा कर’ हे वाक्य प्रार्थनेतून हद्दपार व्हायला हवं. त्यातलं ‘असल्यास’ ही पळवाट आहे, आणि काय चुकलं ते बोलणाऱ्याला पक्कं माहीत असतं. मग दुसऱ्या दिवशी बिल दुरुस्त करून पैसे परत. लेवीय ६:१-५ मध्ये फसवून घेतलेलं पूर्ण परत करून वर पाचवा हिस्सा द्यायला सांगितलं आहे, आणि तोही देवाला अर्पण आणण्याच्या त्याच दिवशी, ज्याचं होतं त्याच्या हातात. कार्यालयात वरचा पाचवा हिस्सा कुणी घेणार नाही, पण मूळ रक्कम आणि लेखी कबुली घेतील. इथे बहुतेकांची गाडी अडते: देवाला सांगितलं, आता माणसाला कशाला? कारण पैसे माणसाचे होते.

दुसरी परीक्षा दुबळ्या माणसासमोर होते. लेवीय १९:१४ म्हणतं, बहिऱ्याला शिव्याशाप देऊ नको, आंधळ्यापुढे अडखळण ठेवू नको. आपल्या देवाचं भय धर. बहिऱ्याला शिवी ऐकू येणार नाही, आंधळ्याला अडखळण कुणी ठेवलं ते दिसणार नाही. तक्रार होण्याची शक्यता शून्य, आणि देवाच्या भयाची आठवण नेमकी तिथे करून दिली आहे. त्याच अध्यायात पिकल्या केसांपुढे उठून उभं राहण्याच्या आज्ञेलाही तेच जोडलं आहे, आणि २५:४३ मध्ये सेवकावर कठोरपणे सत्ता गाजवू नको या आज्ञेलाही. यहूदाचा सुभेदार नहेम्या, त्याच्या आधीचे अधिकारी लोकांकडून अन्न, द्राक्षारस आणि चाळीस शेकेल चांदी उकळत. देवाच्या भयामुळे मी तसं केलं नाही, असं तो लिहितो (नहेम्या ५:१५). तेव्हा घरकामाला येणाऱ्या बाईंचा पगार वेळेवर जातो का, यावरून घरातलं देवाचं भय जितकं कळतं तितकं भिंतीवरच्या वचनावरून कळत नाही.

धास्तीतून हे निघत नाही, कारण धास्ती फक्त धोका मोजते. मत्तय २५ मधल्या दाखल्यात एक तालांत (मोठी रक्कम) मिळालेल्या दासाने ‘मी भ्यालो’ म्हणून धन्याचं धन जमिनीत पुरलं. नुकसान केलं नाही, सेवाही केली नाही. उलट शिप्रा आणि पुवा या सुइणींनी देवाचं भय धरलं आणि फारोचा हुकूम धाब्यावर बसवून मुलगे जिवंत ठेवले (निर्गम १:१७).

धास्तीचंच एक दुखरं रूप म्हणजे क्षमा झालेल्या पापाची पुन्हा पुन्हा कबुली. तेच पाप, दर रात्री, शब्द बदलून, कारण ‘मागच्या वेळी मनापासून झाली नसेल’. अशा माणसाला आणखी भयाचा उपदेश करणं म्हणजे भाजलेल्यावर मीठ. त्याने एकच पाळक किंवा एकच फादर धरावेत आणि त्यांच्याशी नियम ठरवावा: एकदा कबूल केलेलं पाप पुन्हा काढायचं नाही, शंका आली तरी नाही. रोजचे तास त्यात जात असतील, झोप उडाली असेल, तर तो ओसीडी (मंत्रचळ) नावाचा आजार असू शकतो. त्यावर उपचार आहेत, आणि पाळकांबरोबर मनोविकारतज्ज्ञही लागतात.

उलट्या बाजूचा रोग म्हणजे ‘प्रभूने मला सांगितलं’. नोकरी बदलायची, लग्न मोडायचं, समितीत हवा तो ठराव करून घ्यायचा, सगळ्याला प्रभूची सही. देवाचं नाव व्यर्थ घेणं म्हणजे फक्त शपथा नव्हेत. न बोललेलं त्याच्या तोंडी घालणं हा त्याचा अधिक सभ्य दिसणारा प्रकार आहे. ‘प्रार्थना करून मी असं ठरवलं’ असं म्हणावं. निर्णय चुकला तर तो आपला चुकतो.

राहिल्या किरकोळ गोष्टी, ज्यांवर सर्वांत जास्त भांडणं होतात. टाळ्या की शांतता, गिटार की ऑर्गन, डोकं झाकायचं की नाही: आपल्या मंडळीची रीत पाळा आणि दुसऱ्याकडे बघू नका. प्रार्थनेच्या आसनाबद्दल तर शास्त्र फारच मोकळं आहे. शलमोनाने गुडघे टेकले (१ राजे ८:५४), हन्ना उभी होती (१ शमुवेल १:२६), दावीद बसला (२ शमुवेल ७:१८), जकातदाराने नजर वर उचलली नाही (लूक १८:१३) आणि येशूने आकाशाकडे पाहून प्रार्थना केली (योहान १७:१). रात्री अकराला ज्या आसनात झोप लागणार नाही ते निवडा.