गावातलाच कार्यकर्ता: नाशिकच्या खेड्यांतल्या प्रशिक्षणामागचा इतिहास

नाशिक जिल्ह्यातल्या पेठ किंवा सुरगाणा या आदिवासी तालुक्यांतल्या एखाद्या ग्रामपंचायतीत आज प्रशिक्षण घेतलेली माणसे मोजायला बसलात तर यादी चांगलीच लांबते. आशाताई, अंगणवाडीताई, पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) मोबिलायझर, ग्रामरोजगार सेवक, पाण्याचे नमुने घेणारा जलसुरक्षक. बचत गटांकडून पाहिले तर प्रेरिका, कृषी सखी, पशु सखी, बँक सखी. सगळी गावातलीच. प्रत्येकाला कुठल्या ना कुठल्या खात्याने काही दिवस बसवून शिकवलेले आणि प्रत्येकाच्या हाती त्या खात्याचे रजिस्टर. एवढे असून गावचा विकास आराखडा ठरवायची ग्रामसभा भरली की बोलायला दोघे-तिघेच उठतात, आणि ते बहुधा या यादीतले नसतात. माणसे शिकली, पण गावाच्या पुढे उभी राहिली नाहीत. असे का झाले, हे समजायला बरेच मागे जावे लागते.

बागलाण तालुक्यात मोसम आणि आरम नद्यांवर फड पद्धत काही शतके चालत आली. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून निघालेला पाट, पाटाखालच्या जमिनीचे पाडलेले फड आणि एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे, अशी तिची मांडणी. कोणत्या फडात ऊस, कोणत्या फडात भुसार, हे शेतकऱ्यांचे पंच ठरवत. पाणी द्यायला पाटकरी, पिकाची राखण करायला जागल्या. दोघांनाही गावाने नेमलेले आणि त्यांचा मोबदलाही गावाच्याच पिकातून. पाटकऱ्याने शिबिर कधी पाहिले नव्हते. जुन्या पाटकऱ्याच्या मागे पाटावर फिरत तो शिकला. त्याचे चुकले तर जाब विचारणारे पंच त्याच शिवारातले होते. या व्यवस्थेत उणिवा पुष्कळ होत्या. ज्याला पाटाखाली जमीन नाही त्याला तिथे आवाज नव्हता, आणि गावकुसाबाहेरच्यांचा तर प्रश्नच नव्हता. पण पाण्याचे काम पाहणारा माणूस गावाला बांधील होता, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

गावकुसाबाहेरच्यांचे नेतृत्व वेगळ्या वाटेने घडले. २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू झाला आणि पुढची काही वर्षे चालला. तो इतका काळ टिकला यात जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांतून आलेल्या सत्याग्रहींचा वाटा मोठा होता. त्यांची जमवाजमव करण्याचा भार दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावच्या भाऊराव तथा दादासाहेब गायकवाडांच्या खांद्यावर होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर बाहेरून पत्रे लिहून त्यांना मार्गदर्शन करत आणि निर्णयांमागची कारणे समजावत. माझ्या मते नाशिकमधले कार्यकर्ता घडवण्याचे हे सर्वांत उत्तम उदाहरण आहे. ग्रामविकासाच्या इतिहासात ते सहसा कुणी नोंदवत नाही, याचे वाईट वाटते. याच दादासाहेबांनी पुढे १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले.

सरकारी प्रशिक्षणाची सुरुवात २ ऑक्टोबर १९५२ ला झाली. त्या दिवशी देशात सामुदायिक विकास कार्यक्रम आला, वर्षभराने राष्ट्रीय विस्तार सेवा आली. साधारण शंभर गावांचा एक विकास गट आणि दहा गावांमागे एक ग्रामसेवक. शेती, खत, लस, शौचालय, विहीर, प्रौढशिक्षण असे सगळे त्याने एकट्याने गावापर्यंत न्यायचे होते. त्याच्या मदतीला गावातल्याच होतकरू शेतकऱ्यांची दोन-तीन दिवसांची शिबिरे घ्यावीत आणि त्यांना ग्रामसहायक म्हणून तयार करावे, अशी योजना त्या दशकाच्या उत्तरार्धात आली. गावातल्या स्वयंसेवकाला शिकवून त्याच्याकडे नेतृत्व द्यायचे, ही कल्पना सरकारी कागदावर आली ती इथे. पण शिबिरात शिकवले गेले ते सुधारित बियाणे आणि मिश्र खते. आमच्या गावाला आधी काय हवे, हे ग्रामसहायकाला कुणी विचारले नाही. वरून आलेला निरोप खाली पोहोचवणे, एवढेच त्याच्याकडे राहिले.

बलवंतराय मेहता समितीने १९५७ साली नेमके यावर बोट ठेवले: कार्यक्रम आहे, पण लोक त्यात नाहीत. त्यावर उपाय म्हणून तीन पातळ्यांवर निवडून आलेली मंडळे सुचवली गेली. महाराष्ट्रात वसंतराव नाईक समितीच्या अहवालानंतर १९६१ चा कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा व पंचायत समित्यांचा कारभार सुरू झाला. नाशिक जिल्हा परिषदही तेव्हाचीच. निवडून आलेली माणसे आली, हे मोठेच पाऊल होते. मात्र ग्रामसेवक हळूहळू गावच्या शिवारातून ग्रामपंचायतीच्या दप्तराकडे वळला. उतारे, कर, ठराव, हिशेब यांतून मान वर काढायला त्याला सवड उरली नाही. स्वयंसेवकाची जागा रिकामीच राहिली.

ती भरून काढण्याचा धडा मिळाला तो शेजारच्या नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातून. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेडला काम सुरू केले. आधी त्यांनी शिकलेल्या परिचारिका खेड्यात नेमून पाहिल्या. गावाने त्यांना आपले मानले नाही. मग गावातल्याच बायका निवडल्या. बऱ्याच निरक्षर, काही दलित वस्तीतल्या. त्यांना एकदाच दीर्घ प्रशिक्षण देऊन घरी पाठवले नाही. त्या दर आठवड्याला जामखेडला येत, रात्री मुक्काम करत, गेल्या आठवड्यात गावात काय घडले ते सांगत, त्यातूनच पुढचा धडा निघे आणि त्या परत जात. असे वर्षानुवर्षे चालले. बाळंतपण, जुलाब, कुपोषण यांच्याशी लढता लढता या बायका गावात जातीपातीवर, दारूवर, पाण्यावर बोलू लागल्या. हिंमत कुठल्या धड्यातून आली नव्हती. दर आठवड्याला आपल्यासारख्याच चाळीस गावांतल्या बायका भेटतात, यातून ती आली.

केंद्र सरकारने २ ऑक्टोबर १९७७ ला समुदाय आरोग्यसेवकांची योजना आणली: हजार वस्तीमागे एक, तीन महिन्यांचे प्रशिक्षण, महिना ५० रुपये मानधन. कल्पना जामखेडसारख्या कामांवरून घेतली होती, पण वळण निराळे लागले. निवड बरीचशी पुरुषांची झाली आणि ती गावातल्या वजनदार मंडळींच्या शब्दाने झाली. प्रशिक्षण एकदाच. औषधाची पेटी रिकामी झाली की माणूसही थांबला. पुढे मानधनाचे वाद सुरू झाले आणि योजना विझत गेली. महाराष्ट्राच्या आदिवासी भागात नंतर पाडा स्वयंसेवक आला. पावसाळ्यात वाट तुटली की पाड्यावर औषध ठेवणारा तोच असे. घाटाखालच्या वस्त्यांवर त्याचे महत्त्व काय होते, हे ज्याने जुलै-ऑगस्टमध्ये तो भाग पाहिला त्याला सांगायला नको. २००५ पासून आशा आली. पहिल्या वर्षात टप्प्याटप्प्याने २३ दिवसांचे प्रशिक्षण आणि कामागणिक मोबदला. करोनाच्या काळात दारोदार जाऊन नोंदी घेणाऱ्या याच बायका होत्या. स्वयंसेविका म्हणायचे आणि पूर्ण वेळ राबवायचे, हा त्यांच्यावरचा अन्याय आहे, आणि त्यांच्या आंदोलनांत मानधनाची मागणी पुन्हा पुन्हा येते ती रास्तच आहे.

नाशिक जिल्ह्यापुरते बोलायचे तर या सगळ्यात ओझरची गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. दिंडोरी तालुक्यात कोळवण नदीवर वाघाड धरण आहे आणि त्याच्या उजव्या कालव्याचे शेपूट निफाड तालुक्यातल्या ओझरजवळ. कागदावर ओझरचे शेतकरी लाभक्षेत्रात होते, पाणी मात्र वरच्या वरच संपे. बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांनी समाज परिवर्तन केंद्राच्या माध्यमातून या शेवटच्या शेतकऱ्यांना एकत्र आणले. १९९० च्या सुमारास महात्मा फुले, बाणगंगा आणि जय योगेश्वर अशा तीन पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या. त्यांची मागणी साधी होती: आमचा पाण्याचा कोटा ठरवा, तो मोजून आमच्या हद्दीवर द्या, पुढचे आम्ही पाहतो.

पुढचे पाहायचे म्हणजे काय, ते जवळून पाहिले की प्रशिक्षण या शब्दाचा अर्थ बदलतो. आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी, सुटण्याआधी पाणी अर्ज गोळा करायचे, थकबाकीदाराचा अर्ज अडवायचा आणि तो आपलाच भाऊबंद असला तरी अडवायचा. कालव्यावरच्या मोजमापाच्या ठिकाणी उभे राहून पाण्याची उंची वाचायची, वहीत लिहायची आणि खात्याच्या माणसाच्या आकड्याशी ताडून घ्यायची. चाऱ्या आवर्तनाआधी साफ करायच्या. पाळी रात्री दोनला आली तरी शेताच्या बांधावर हजर राहायचे. संस्थेने नेमलेला पाटकरी शेपटाकडून वर पाणी देत येतो की वरच्याच्या धाकाने आधी त्याला देतो, यावर लक्ष ठेवायचे. मिळालेल्या कोट्यातले काही पाणी नाल्यांवरच्या बंधाऱ्यांत सोडून विहिरींना पाझर द्यायचा आणि विहिरीवाल्यानेही त्याचा वाटा उचलायचा, हे सभेत पटवून द्यायचे. ही सगळी कामे शेतकरी करता करता शिकले, कारण चुकीची किंमत त्याच हंगामात पिकात दिसत होती. पाटबंधारे खात्याचा अधिकारी आला तर त्याच्याशी आकड्यात बोलणारा शेतकरी इथे तयार झाला. पुढे वाघाडवर २४ संस्था झाल्या, त्यांची मिळून प्रकल्पस्तरीय संस्था झाली, आणि अख्खा प्रकल्प शेतकऱ्यांच्या हाती येण्याचे महाराष्ट्रातले ते पहिले उदाहरण ठरले. २००५ साली राज्याने शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा कायदा केला, तेव्हा ओझरचा अनुभव समोर होता. इतर जिल्ह्यांतले शेतकरी शिकायला ओझरला येऊ लागले.

बागलाणच्या पाटकऱ्यात आणि ओझरच्या संस्थेत एक धागा सारखा आहे. दोघांकडेही वाटायला खरी वस्तू होती, आणि हिशेब गावाला द्यायचा होता.

जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यात, म्हणजे डांगाणात, परिस्थिती वेगळी. जिल्ह्याच्या लोकसंख्येत आदिवासी सुमारे एक चतुर्थांश, पण पेठ-सुरगाण्यात जवळजवळ सगळेच. इथे स्वातंत्र्यापूर्वीच दादासाहेब बिडकरांच्या डांग सेवा मंडळाने शाळा आणि वसतिगृहे उभी केली. गावात शिकलेला पहिला माणूस तिथून आला. नंतर वाडीचा कार्यक्रम आला. बाएफ या स्वयंसेवी संस्थेने १९८२ पासून शेजारच्या गुजरातमधल्या वांसद्यात तो रुजवला होता. एकेका कुटुंबाने साधारण एकरभर वरकस जमिनीवर आंबा-काजू लावायचा, पहिली वर्षे डोक्यावरून पाणी आणून रोपे जगवायची. नाशिकच्या डोंगराळ तालुक्यांत तो बाएफच्याच मित्र या संस्थेमार्फत आला. कलम कसे बांधायचे हे दाखवणारा शेतकरी पलीकडच्या पाड्यावरचाच असला की शेजारी लगेच विश्वास ठेवत, हे वाडीच्या कामातून वारंवार दिसले. बचत गट उभे करणाऱ्या राज्याच्या उमेद अभियानाने वर्धिनी आणल्या त्याही याच तत्त्वावर: बचत गटातून स्वतः सावरलेली बाई परगावी पंधरवडाभर मुक्काम करते आणि तिथल्या बायकांना गट चालवायला शिकवते. नाशिकला १९८९ साली यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आले, त्याचाही इथे उल्लेख हवा. दहावी न झालेल्याला पूर्वतयारी करून पदवीपर्यंत जाता यावे, असा हा दरवाजा खेड्यातल्या कितीतरी कार्यकर्त्यांनी, विशेषतः बायकांनी, वापरला.

पंचायतींना घटनेत स्थान देणारी १९९२ ची घटनादुरुस्ती, पंचायतींत महिलांना आधी एक तृतीयांश आणि २०११ पासून महाराष्ट्रात निम्म्या जागा, १९९६ चा पेसा कायदा, २०१४ चे राज्याचे पेसा नियम. या क्रमाने अधिकार गावाकडे सरकत आले. २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतली पाच टक्के रक्कम थेट पेसा ग्रामपंचायतींना मिळू लागली. त्याच सुमारास ग्रामपंचायतीने स्वतःचा विकास आराखडा करण्याचा 'आमचं गाव, आमचा विकास' हा कार्यक्रम आला आणि गावफेरी, शिवारफेरी, प्रवीण प्रशिक्षक हे शब्द पाड्यांवर पोहोचले. मार्च २०१८ मध्ये नाशिकच्या सीबीएस चौकातून निघून मुंबईपर्यंत चालत गेलेले हजारो शेतकरी बरेचसे याच पट्ट्यातले होते. वनहक्काचा दावा कसा भरायचा आणि कुठे अडतो हे त्यांना तोंडपाठ होते, कारण ते दावे त्यांनी स्वतः भरले होते.

पैसा आला, अधिकार आला, तरी प्रशिक्षणाचे वेळापत्रक अजून कार्यालयाचेच आहे. भात निघाला की पेठ-सुरगाण्याची तरणी माणसे पिकअपमध्ये बसून दिंडोरी, निफाडला द्राक्षाच्या कामाला उतरतात आणि होळीच्या आसपास परततात. निधी मात्र मार्चअखेर संपवायचा असतो, म्हणून शिबिरे जानेवारी ते मार्चमध्ये भरतात. ज्यांना शिकवायचे ती माणसे तेव्हा द्राक्षबागेत असतात. पाड्यावर मोकळा वेळ असतो तो होळीनंतर पहिल्या पावसापर्यंत. प्रशिक्षण त्या दिवसांत घ्यावे, तालुक्याच्या सभागृहात न घेता पाड्यावर घ्यावे, डांगी-कोकणी बोलीत घ्यावे, एकदाच न उरकता दर महिन्याला घ्यावे. सुरुवात ग्रामसभेचा निधी सांभाळणाऱ्या ग्रामसभा कोष समितीपासून करता येईल: तिचे पासबुक समोर उघडून, या वर्षी किती आले, कशावर गेले आणि उरलेल्याचे काय करायचे, हे तिच्याच सभासदांकडून वाचून घेत.