द्राक्षाला एमएम, प्लायला फूट आणि पुराला मारुती

नाशिक जिल्ह्यात निफाड, दिंडोरी, पिंपळगाव साइडला सीझनमध्ये कुठल्याही एक्स्पोर्टच्या द्राक्षबागेत जा, बोलणं एमएममध्येच चालतं. "साइज काय आलीय?" "सोळा-सतरा, अठराला अजून थोडे दिवस लागतील." सेंटीमीटर कोणी म्हणत नाही. आणि त्याच शेतकऱ्याला वेलींचं अंतर विचारा, तो म्हणेल नऊ बाय पाच, म्हणजे फूट. ड्रिपची नळी सोळा एमएमची, पण तिचं बंडल मीटरवर. एका दमात तीन युनिटं येतात आणि गोंधळ काही होत नाही.

शाळेत आपण पेन्सिल सेंमीत, रस्ता किमीत अशा जोड्या लावून मार्क घेतले, पण कारण कोणी फारसं सांगितलं नाही. वस्तू केवढी आहे हे अर्धंच कारण झालं. उरलेलं अर्धं म्हणजे मोजताना किती चूक खपेल.

द्राक्षाचंच घ्या. 16 एमएमचा मणी आणि 18 एमएमचा मणी, पूर्ण सेंटीमीटरमध्ये सांगायचं तर दोन्ही 2 सेंमी. संपला विषय, फरकच दिसत नाही. पण मणी गोल धरला तर आकारमान व्यासाच्या घनाने वाढतं, 18 भागिले 16 म्हणजे 1.125, त्याचा घन साधारण 1.42. म्हणजे व्यास फक्त 2 एमएमने वाढला आणि मणी 42 टक्के जास्त भरला! थिनिंग (घडातले मणी विरळ करणं), जीएचं डिपिंग (मणी फुगावेत म्हणून घड जिबरेलिक अॅसिडमध्ये बुडवणं) हा सगळा खटाटोप ज्या फरकासाठी करायचा तोच सेंमीत गायब होतो, मग बागेत कॅलिपर घेऊन फिरणार नाहीत तर काय करतील.

येवल्याच्या पैठणीचं बरोबर उलटं. 1 वार म्हणजे 0.9144 मीटर, सहावारी झाली साधारण 5.49 मीटर. कोणी हौसेने 5486 एमएम लिहिलं तर ते शेवटचे आकडे निव्वळ शोभेचे, कारण कापड जरा ताणून धरलं की एवढा फरक सहज पडतो. युनिट बारीक घेतलं म्हणून माप अचूक होत नाही, नुसतं अचूक दिसतं, आणि हे मला जास्त धोक्याचं वाटतं.

प्लायवुडची गंमत तर अजूनच भारी. शीट 8 बाय 4 फूट, जाडी 18 एमएम, आणि सुतार कापताना म्हणणार "दोन सूत कमी घे". 1 इंचात 8 सूत, म्हणजे 1 सूत साधारण 3.2 एमएम. एकाच फळीवर दोन पद्धती नांदतात. लोक याला मागासलेपणा म्हणतात, मला नाही पटत, खोली फुटात मोजलेली असते म्हणून शीट फुटात, आणि जाडीत मात्र फूट घेऊन काय करणार.

तेच नाशिकच्या सातपूर-अंबडच्या एमआयडीसीत गेलात की एमएमसुद्धा जाडाभरडा. व्हर्नियर कॅलिपर सहसा 0.02 एमएमपर्यंत वाचतो, साधा मायक्रोमीटर 0.01 पर्यंत, आणि बेअरिंग शाफ्टवर बसवायचं तर मायक्रॉनची भाषा. मायक्रॉन म्हणजे एमएमचा हजारावा भाग. बाजारातली पिशवीही त्यातच, केंद्राच्या नियमाने 31 डिसेंबर 2022 पासून प्लास्टिकची कॅरीबॅग किमान 120 मायक्रॉनची लागते. 0.12 एमएम म्हटलं तरी तेच, पण पॉइंटवाला आकडा तोंडात बसत नाही. आकडा एकपासून काही शेपर्यंत राहील असं युनिट बघायचं, बाकी नियम असा नाही.

आता पूर. गंगापूर धरणातून किती क्यूसेक सोडलं ते बातमीत येतं, पण गोदाकाठी विचारतात, दुतोंड्या मारुतीला (नाशिकला गोदावरीच्या पात्रात उभी असलेली उंच मूर्ती) पाणी कुठवर आलं? गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, छातीपर्यंत. हसू नका, ही चांगली पट्टी आहे. वीत माणसागणिक बदलते, मारुतीची कंबर बदलत नाही, आणि काठावरच्या दुकानदाराला सामान कधी उचलायचं ते लगेच कळतं. खोट एवढीच की गुडघा ते कंबर आणि कंबर ते छाती हे अंतर सारखं नाही, त्यामुळे बेरीज-वजाबाकी करता येत नाही, आणि पुण्याच्या माणसाला काही अर्थबोध होत नाही. तिथे मीटरच लागतो, ज्याची व्याख्या 1983 पासून प्रकाशावर बांधलेली आहे, 1 सेकंदाच्या 29,97,92,458 व्या भागात प्रकाश निर्वात पोकळीत जेवढा जातो तेवढा. मारुती असो वा मीटर, खूण हलता कामा नये ही अट मात्र दोघांनाही सारखीच.

घरात पट्टी सापडत नसेल तर पाकीट काढा. आपल्या नाशिकरोडच्या प्रेसमध्ये नोटा छापतात, त्यांची मापं ठरलेली असतात. सध्याची 500 ची नोट बरोबर 150 एमएम लांब, 66 रुंद. 100 ची 142 आणि 10 ची 123 लांब. फोनची स्क्रीन मात्र इंचात सांगतात आणि तीही तिरकी मोजून, 6.5 इंची म्हणजे साडेसोळा सेंमी, कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्याकडे पाचशेची नोट तिरकी धरून बघा, दीड सेंमी उरेल.