नळ येण्याआधी हौदात किती पाणी होतं?

मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येतं. नळ आला की पहिली धावपळ हौद भरण्याची, मोजमाप कोण करतंय! पण समजा, दहाव्या मिनिटाला कुणी काठी बुडवून पाहिली, तर पाणी 34 सेंटिमीटर. पंचविसाव्या मिनिटाला 64. आता सांगा, नळ सुरू झाला तेव्हा हौदात किती शिल्लक होतं?

15 मिनिटांत पाणी 30 सेंटिमीटर चढलं, म्हणजे मिनिटाला 2. दहावीच्या पुस्तकातला रेषेचा ‘चढ’ तो हाच. आता दहा मिनिटं मागे जाऊ: 34 मधून 20 गेले, उरले 14. आडव्या अक्षावर मिनिटं, उभ्या अक्षावर पाण्याची उंची घेऊन हे दोन बिंदू जोडले आणि रेषा डावीकडे वाढवली, तर ती उभ्या अक्षाला बरोबर 14 वर छेदते. उभ्या अक्षावर मिनिटं शून्य असतात, म्हणून त्या अक्षावरचा आकडा म्हणजे सुरुवातीची शिल्लक. y = 2x + 14 मध्ये x च्या जागी शून्य ठेवा, तेच उत्तर येतं. अट एवढीच, की हौदाच्या भिंती सरळ हव्यात आणि नळाची धार एकसारखी हवी.

असंच एक 14 पैठणच्या जायकवाडी धरणात दडलंय, फक्त फार मोठं. ‘धरण शून्य टक्क्यांवर’ अशी बातमी आली की पोटात गोळा येतो, पण तेव्हाही नाथसागरात, म्हणजे या धरणाच्या जलाशयात, सुमारे 738 दलघमी (दशलक्ष घनमीटर) पाणी असतं. हा मृतसाठा. कालव्याच्या दारांपेक्षा त्याची पातळी खाली, म्हणून तो आपोआप वाहत नाही. त्याच्या वरचं पाणी तो उपयुक्त साठा, आणि बातमीतले टक्के याच साठ्याचे. आडव्या अक्षावर उपयुक्त साठा, उभ्यावर एकूण साठा मांडला, तर रेषा उभ्या अक्षाला 738 वर छेदते. धरण काठोकाठ भरतं तेव्हा उपयुक्त 2171, एकूण 2909.

मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. रेषा अक्षापाशी थांबत नाही. दुष्काळात पंप लावून मृतसाठ्यातलं पाणी उचललं आणि एकूण साठा 638 वर आला, की उपयुक्त साठा उणे 100 होतो. बिंदू उभा अक्ष ओलांडून डावीकडे जातो, आणि त्या बाजूच्या प्रत्येक दलघमीसाठी पंपाची वीज मोजावी लागते.